स्प्लेंडरला कलर मारायचाय. एकाच गाडीला १,८०० पासून ९,५०० पर्यंत दर कसे?

वाढेफाटा (२१ जुलै)

राम राम मंडळी. एरवी इथं गुपचूप वाचून निघून जातो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

गाडी वडिलांची. हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, काळी, जांभळ्या पट्ट्यांची, नोव्हेंबर २०१० चं पासिंग, एमएच ११. येत्या नोव्हेंबरात १५ वर्षं भरतात, मग री-पासिंग. इंजिन अजून एका किकमध्ये बोलतं. पण अवतार असा की दारात उभी असली की भंगारवाला थांबून चौकशी करतो (दोनदा झालंय). टाकीच्या डाव्या बाजूला म्हशीनं दिलेला पोचा, एक साइड पॅनल तारेनं बांधलेलं, पुढचं मडगार्ड ऊन खाऊन राखाडी. टाकीच्या झाकणाभोवती तर पापुद्रे सुटून पत्रा उघडा पडलाय.

हे शेवटचं पाप माझं. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ९०० रुपयांत नुसती टाकी मारून घेतली होती. आणली तेव्हा तिच्यात बघून भांग पाडता येत होता. दिवाळीपर्यंत जिथं पेट्रोल सांडेल तिथला रंग बोटाला यायला लागला. पेंटरला विचारायला गेलो तर म्हणाला, "तुम्ही पेट्रोल सांडताच कशाला?"

आता पूर्ण गाडी करायची म्हणून साताऱ्यात चार ठिकाणी विचारलं.

गोडोलीच्या बाजूला : १,८००. "सकाळी सोडा, संध्याकाळी न्या."
राधिका रोडला : ३,५००. तीन दिवस.
एमआयडीसीकडे एक शेड आहे, तिथं : ५,५००. "दहा-बारा दिवस लागतील. घाई असेल तर येऊ नका."
हायवेच्या बाजूला : ९,५००. हे भट्टी आणि इम्पोर्टेड क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) वगैरे म्हणाले.

चौघांनी गाडी तीच बघितली. कोणी हात लावून, कोणी चहा पिता पिता लांबनंच. रंग तर काळाच आहे, मग एवढा फरक कशाचा?

ता. क. : बाबा (फौजेतून हवालदार म्हणून रिटायर) म्हणतात, पैसे घालायचेच तर मिलिटरीचा हिरवा मार.

चोखंदळ (२१ जुलै)

पंधरा वर्षांच्या स्प्लेंडरला ९,५००? त्यात भर घालून नवीन घ्या.

आरएक्सवेडा (२१ जुलै)

भर किती घालायची तेपण लिहा की साहेब.

भावा, माझ्या ९४ च्या आरएक्स १०० ला १४,००० गेलेत, क्रोम सोडून. मडगार्डांचं क्रोम प्लेटिंग वेगळं झालं, तो आकडा बायको हा धागा वाचते म्हणून लिहीत नाही. पण तुझी रोजची गाडी आहे, प्रदर्शनाची नाही. ९,५०० च्या वाटेला जाऊ नकोस. १,८०० च्या तर अजिबातच नको.

थिनरअण्णा (२१ जुलै)

वाढेफाटा, मी पुण्याकडं दुचाकीच्या कारखान्यात पेंट शॉपला २२ वर्षं काढली, आता कऱ्हाडला शेती बघतो. तुमच्या ९०० च्या टाकीचं आधी सांगतो, बाकीचं त्यातच येईल.

तुम्हाला त्यानं एनसी मारलाय. नायट्रोसेल्युलोज. जुनी माणसं सरसकट ड्यूको म्हणतात तो. एनसी वाळतो म्हणजे त्यातला थिनर उडून जातो, दुसरं काही होत नाही. उद्या परत थिनर लावलात की परत विरघळला. पेट्रोल थिनरइतकं जहाल नाही, पण झाकणापाशी रोज दोन थेंब पडले की दोन-चार महिन्यांत तेच काम करतं. पीयूमध्ये, म्हणजे पॉलियुरेथेनच्या रंगात, हार्डनर घालतात. रंग आणि हार्डनर एकमेकांना धरून आत जाळं विणतात आणि ते जाळं एकदा बसलं की पेट्रोलला दाद देत नाही. डब्यावर टू-के लिहिलेलं असतं ते यासाठी, दोन डबे, मिसळून मारायचे. मिसळलेला माल त्याच दिवशी संपवावा लागतो, उरला तर डब्यातच दगड होतो. एनसी उरला तर झाकण लावून पुढच्या गिऱ्हाइकाला. आता सांगा, स्वस्तवाला काय वापरणार?

पारख सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर थिनर घ्या, टाकीच्या खालच्या अंगाला, दिसणार नाही अशा जागी घासा. फडकं काळं झालं तर एनसी. पुढच्या पेंटरलाही आधीच सांगा, "झाल्यावर असं घासून बघणार आहे." त्याच्या तोंडाकडं बघा, दर ऐकायची गरज पडणार नाही.

आणि एक. आता पीयू मारायचा तर त्या टाकीवरचा एनसी पूर्ण खरवडून काढावा लागेल. वरनं मारला तर पीयूचा थिनर खालच्या थराला फुगवतो, सुरकुत्या पडतात, म्हाताऱ्याच्या हातासारख्या. पत्र्याच्या भागांवर कंपनीचा रंग शाबूत असेल तर तो मात्र काढू देऊ नका. कंपनीत पत्र्याला आधी फॉस्फेट, मग विजेवर ओढलेला प्रायमर, मग भट्टी, असं सगळं झालेलं असतं. ते कुठल्याच गॅरेजला जमत नाही, कारण गॅरेजवाला तयार गाडी १४० अंशांत घालू शकत नाही, वायरी-रबर वितळतील. जिथं कंपनीचा थर घट्ट आहे तिथं नुसता घासायचा पेपर मारून खरखरीत करायचा. त्याच्याइतका चांगला पाया बाजारात मिळत नाही.

वाढेफाटा (२१ जुलै)

अण्णा, आत्ताच अंगणात जाऊन घासून आलो. फडकं काळंकुट्ट. आईचं जुनं पातळ होतं, तिचा वेगळा ओरडा बसला.

पेठेतला (२२ जुलै)

मी स्प्रेचे डबे आणून घरी केलं होतं, लॉकडाऊनमध्ये. गच्चीवर टाकी दोरीला टांगली आणि मारला. पहिला डबा संपेपर्यंत मी स्वतःला कलाकार समजत होतो. दुसऱ्या डब्याला ओघळ आले. ते पुसायला गेलो तर बोटांचे ठसे आले. ठसे झाकायला तिसरा डबा. त्यावर शेजारणीनं वाळत घातलेल्या मिरच्यांची धूळ बसली. वाळल्यावर टाकीवरनं हात फिरवला तर फणस. चार डबे, एक रविवार, आणि शेवटी पेंटरकडेच. त्यानं माझा रंग काढायचे ४०० रुपये जास्तीचे घेतले, हसण्याचे घेतले नाहीत.

माणगंगा (२२ जुलै)

हिरव्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी आरटीओची कागदपत्रं करून देतो.

बाबांना सांगा, ऑलिव्ह ग्रीन मिळणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १२१ वा नियम आहे. तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. फौजेतून रिटायर झालेला माणूस असला तरी गाडी रिटायर फौजी होत नाही. दुसरा कुठला हिरवा चालेल, पण आरसीवर रंग 'काळा' नोंदलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली आरसीवरच्या नोंदीशी गाडी जुळली पाहिजे, म्हणून रंग बदलला की तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो. तुमची तर पुढच्या चार महिन्यांत री-पासिंग आहे. गाडी हिरवी आणि कागद काळा घेऊन तिथं उभे राहिलात तर परत पाठवतील, आणि मग तुम्ही माझ्यासारख्याला शोधत याल. काळ्यावर काळा मारा, कुणाला काही विचारायला नको.

वाढेफाटा (२२ जुलै)

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "कायदा म्हंजी कायदा. मग काळाच मार. पर टाकीवर होंडा पायजे, नुसतं हिरो चालायचं न्हाई."

आरएक्सवेडा (२२ जुलै)

आता हा खरा घोळ. २०११ ला हिरो मोटोकॉर्प झाल्यापासून 'हिरो होंडा'चं स्टिकर शोरूमला मागितलं तर वर बघतात. रेडियमवाल्याकडं कापून घे. गाडीवरचे जुने पट्टे काढायच्या आधी त्यांचे फोटो काढ आणि ट्रेसिंग पेपरवर माप घे, दोन्ही बाजूंचं. एका बाजूचं घेऊन "दुसरी तशीच" म्हणू नकोस. हे मी का सांगतोय ते विचारू नकोस.

पेंटरचापोरगा (२३ जुलै)

वडिलांचं सांगलीत पेंटिंगचं दुकान आहे, मी नोकरी करतो पण शनिवार-रविवार स्प्रे गन माझ्या हातात असते. ५,५०० वाला दर मला रास्त वाटतो, म्हणून आतला हिशोब मांडतो. आमच्या दुकानात एका साध्या गाडीला, म्हणजे टाकी, दोन साइड पॅनल, मागचं काउल, व्हायझर, पुढचं मडगार्ड एवढ्याला, असा माल लागतो.

पुट्टी आणि तिचा हार्डनर २००, सरफेसर (पुट्टीवरचं अस्तर) ३००, काळा बेस ५००, क्लिअर आणि हार्डनर ७००, थिनर २५०, पेपर १५०, टेप-कागद-फडकी १००. झाले २,२००. आता मजुरी. पेंटरचे अडीच दिवस, ९०० रोजानं २,२५०. खोलणं-बसवणं ५००. बेरीज ४,९५०. उरले ५५० त्यात भाडं, कॉम्प्रेसरची लाइट आणि "शेठ, इथं जरा बारीक ओरखडा दिसतोय" म्हणून परत आलेल्या गाडीचं फुकट काम.

१,८०० मध्ये तर नुसता मालच बसत नाही, मग त्याला काय काय गाळावं लागतं बघा. खोलणं गाळलं, गाडी उभीच ठेवून कागद चिकटवून मारतो. मग पॅनलच्या कडेला, टाकीच्या खाली, काउलच्या आत रंग पोचत नाही आणि तिथूनच पापुद्रा सुटतो. पेपर गाळला. सरफेसर गाळला. क्लिअर गाळलं. वरनं कंपाउंड घासून चमक आणली की संध्याकाळी गिऱ्हाईक खूश.

अडीच दिवसांतला गन हातात असल्याचा वेळ तासभर पण नसतो हो. बाकी सगळं घासणं. पुट्टीवर १२० चा, मग २२०, सरफेसरवर ४०० पाण्यातला, बेसच्या आधी ८००. बोटांची टोकं गुळगुळीत होतात. माझ्या वडिलांचा अंगठा आधार केंद्रावरच्या मशीनला पटकन लागत नाही.

आणि काळा रंग सोपा समजू नका. चंदेरी गाडीत पत्र्याची लाट लपते, काळ्यात दिसते. पोच्यावरची पुट्टी कागदाएवढी वरखाली राहिली तरी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिथं वाकतं. झालेलं काम ताब्यात घेताना ट्यूबलाइटखाली टाकी तिरकी धरा. उन्हात सगळ्याच टाक्या सुंदर दिसतात.

आता मुख्य, आत्ता करू नका. जुलै आहे. तुमच्या साताऱ्याला यवतेश्वरावरनं ढग उतरला की हवेतच पाणी असतं. कॉम्प्रेसर तीच हवा दाबतो, पाणी नळीतनं गनमध्ये येतं आणि रंगावर बारीक फोड उठतात. एनसी तर पावसात पांढुरका पडतो, दुधाचा हात फिरवल्यासारखा. भट्टीवाल्याचा ९,५०० दर पावसाळ्यात थोडा पटतो, कारण त्याच्याकडं बंद खोली आणि गाळलेली हवा असते. बाकी आठ महिने आमची शेड आणि वरचं ऊन पुरतं. दसऱ्यानंतर करा. दसऱ्याच्या आधी नको, त्या पंधरा दिवसांत प्रत्येक पेंटरच्या डोक्यावर वीस गाड्या असतात आणि घासणं तिथंच कमी होतं.

थिनरअण्णा (२३ जुलै)

पोरा, हिशोब चोख. मास्कचा खर्च धरला नाहीस.

पेंटरचापोरगा (२३ जुलै)

अण्णा, बरोबर पकडलंत. वडिलांनी तीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून मारलं. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला रुमाल म्हणजे चाळणी. एनसी होता तोवर नुसता वास होता, पीयू आल्यावर दोन-चार वर्षांतच त्यांची छाती वाजायला लागली. डॉक्टरांनी दमाच सांगितला. म्हणून तर गन माझ्याकडं आली. मी काडतुसांचा मास्क वापरतो, काडतुसं बदलत राहावं लागतं. गिऱ्हाइकाला हे सांगून १०० रुपये जास्त मागितले तर ते म्हणतं, समोरचा तर रुमालावर मारतो.

कुपवाडचीसून (२४ जुलै)

सगळे टाकीवरच अडलेत. वाढेफाटा, चासीचं काय? पंधरा वर्षांच्या गाडीची चासी स्टँडपाशी आणि मागच्या मडगार्डाच्या आत गंजलेली असणारच. टाकी चमकवून खाली गंज ठेवणं म्हणजे फाटक्या बनियनवर नवा शर्ट.

मी कुपवाड एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या एका युनिटला हिशोब बघते. आमच्याकडं बुलेटवाले, आरएक्सवाले चासी घेऊन येतात. ब्लास्टिंग (हवेच्या जोरानं खरखरीत कणांचा मारा) करून पावडर मारायची आणि १८०-२०० अंशांच्या भट्टीत पाव तास-वीस मिनिटं. साधा रंग त्या कणखरपणाला पोचत नाही, दगड उडून लागला तरी सहजासहजी टवका जात नाही. चासी, स्विंग आर्म, दोन्ही स्टँड मिळून आमच्याकडं ३,००० च्या आसपास होतात. पण गाडी नागडी करून आणावी लागते. इंजिन, वायरिंग, बुश, बेअरिंगच्या वाट्या, सगळं बाहेर. ती उतरवायची आणि चढवायची मेकॅनिकची मजुरी त्याहून जास्त होते, आणि लोक ते धरत नाहीत.

एक मात्र कान पकडून सांगते. चासी नंबरवर टेप लावलीय का ते स्वतः बघा. मागं एकानं घाईत टेप न लावताच दिली आणि आमच्याही पोराचं लक्ष गेलं नाही. नंबर पावडरीखाली बुजला. ब्लास्टिंगनं आकडे आधीच मऊ झाले होते. मग तो माणूस री-पासिंगला नखानं खरवडत बसला. तेव्हापासून आम्ही नंबरची जागा दाखवून सही घेतो.

वाढेफाटा (२४ जुलै)

ताई, इंजिन उतरवायचं म्हटलं तर बाबा मलाच उतरवतील. चासीचं वरच्यावर काही होतं का?

कुपवाडचीसून (२४ जुलै)

होतं की. तारेच्या ब्रशनं गंज काढा, गंज-प्रतिबंधक प्रायमर लावा, वर काळा पीयू हातब्रशनं मारला तरी चालतो, कुणी वाकून बघत नाही. नंबर तेवढा सोडा. तुमच्या गाडीला एवढं पुरे. मी उगाच घाबरवलं वाटतं.

वाढेफाटा (१७ ऑगस्ट)

धागा वर काढतोय. ५,५०० वाल्याकडं परत गेलो. थिनर लावून बघणार म्हटलं तर म्हणाला, "लावा की. मी स्वतः लावून दाखवतो," आणि शेडमध्ये तयार असलेल्या एका टाकीवर घासून दाखवलं. फडकं पांढरंच. इसार १,००० देऊन आलो, तारीख दसऱ्यानंतरची.

चोखंदळ (२३ सप्टेंबर)

कालपासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. परत सांगतो, नवीन घ्या.

आरएक्सवेडा (२३ सप्टेंबर)

चोखंदळराव, तुम्ही डीलर आहात का?

चोखंदळ (२३ सप्टेंबर)

नाही. माझी २०१२ ची आहे. कलर न मारलेली.

वाढेफाटा (१८ ऑक्टोबर)

झाली. घरी आली. सविस्तर लिहितो, कारण अंदाज आणि खर्च यात फरक पडलाच.

टाकी उतरवून एनसी खरवडला तेव्हा गेल्या वर्षीचं खरं काम बाहेर आलं. म्हशीचा पोचा ठोकून वर काढलाच नव्हता, त्यात नुसती पुट्टी भरली होती. पेंटरनं मला बोलावून लोहचुंबक लावून दाखवलं. बाकीच्या टाकीला टपकन चिकटायचं, पोच्यावर लावलं की घरंगळून खाली. तिथली पुट्टी ढोकळ्याच्या वडीएवढी जाड निघाली, खाली तडे गेलेले. आणि खालच्या शिवणीपाशी सुईच्या टोकाएवढं भोक. टाकीतलं पाणी तळाला बसून आतनं गंजली होती. वर्षभर अंगणात पेट्रोलचा वास यायचा आणि आम्ही शेजारच्या रिक्षाला शिव्या घालत होतो.

भोक पितळ भरून बुजवलं. त्याआधी टाकी दोन दिवस झाकण काढून ठेवली, मग पाणी भरून, जोडापुरतीच जागा मोकळी ठेवून काम केलं. आत पेट्रोलची वाफ राहिली आणि गॅस लावला तर टाकी बॉम्बसारखी फुटते, असं तो म्हणाला. मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. पोचा मात्र आतनं ठोकता येत नाही, म्हणून बाहेरनं पिना जोडून ओढला. पूर्ण आला नाही, पण आता पुट्टी नखाएवढीच लागली.

खर्च : ठरलेले ५,५००, टाकीचं भोक आणि पोचा ६००, रेडियमचे पट्टे आणि 'हिरो होंडा' ४५०, तुटक्या साइड पॅनलऐवजी नवं ३८०. एकूण ६,९३०. चासी मी आणि भावानं ताईंनी सांगितलं तशी एका रविवारी ब्रशनं केली, त्याचा माल घरातलाच धरा.

पट्टे क्लिअरच्या खाली घेतलेत. पेंटर म्हणाला, वरनं लावले तर धुताना कड उचलते, खाली घेतले तर आयुष्यभर हलायचे नाहीत. कड बोटाला लागतसुद्धा नाही. आठवडाभर धुवायची नाही, महिनाभर पॉलिश लावायचं नाही आणि उन्हात वरनं कव्हर टाकायचं नाही म्हणून सांगितलंय.

बाबांनी चष्मा लावून दोन फेऱ्या मारल्या. ट्यूबलाइटखाली मीच टाकी तिरकी करून दाखवली. "बरी झालीया," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी दहावीच्या निकालानंतर ऐकलं नव्हतं. फोटो टाकतोय, दोन्ही बाजूंचे.

पेठेतला (१८ ऑक्टोबर)

कडक! माझा फणस आठवून रडू आलं.

पेंटरचापोरगा (१८ ऑक्टोबर)

दादा, काम नंबर एक. कड बघा मडगार्डाची, आतनं पण मारलंय. लोक इथंच चोरी करतात. त्या पेंटरला माझ्याकडनं चहा पाजा.

आरएक्सवेडा (१८ ऑक्टोबर)

भावा, रंग एक नंबर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एक विचारू का? स्प्लेंडरच्या टाकीवरचा जांभळा पट्टा पुढं रुंद असतो आणि सीटकडं निमुळता होत जातो ना? तुझ्या फोटोत टोक हँडलकडं आहे. दोन्ही फोटोंत.

कुपवाडचीसून (१८ ऑक्टोबर)

अगंबाई, खरंच की. डावा उजवीकडं गेलाय आणि उजवा डावीकडं.

वाढेफाटा (१८ ऑक्टोबर)

थांबा, बघून येतो.

आरएक्सवेडा (१८ ऑक्टोबर)

आणि क्लिअरच्या खाली आहेत. आयुष्यभर हलायचे नाहीत.

पेंटरचापोरगा (१८ ऑक्टोबर)

बदलायचं तर दोन्ही बाजूंचं क्लिअर घासून पट्टे काढावे लागतील, परत बेस, परत पट्टे, परत क्लिअर. टाकीपुरते २,००० धरा. पण ताजा थर आहे, महिना-दीड महिना जाऊ द्या, लगेच घासलं तर ओढेल. आणि चूक कुणाची ते आधी ठरवा. रेडियमवाल्यानं जोडीवर डावा-उजवा लिहून दिला होता का?

वाढेफाटा (१८ ऑक्टोबर)

लिहिला नव्हता. आणि चिकटवताना शेडमध्ये मी समोर उभा होतो, "मस्त दिसतंय" असं मीच म्हणालो होतो.

बाबांना हळूच विचारलं, पट्ट्याकडं लक्ष गेलं का म्हणून. म्हणाले, "आल्या दिशीच बघितलं म्या. तू एवढं पैसं घातलंयस, म्हणून गप बसलो."

माणगंगा, पासिंगला याची काही अडचण?

माणगंगा (१९ ऑक्टोबर)

पट्टा उलटा का सुलटा, कुणी विचारत नाही. चासी नंबरावर ब्रशचा काळा लागलाय का तेवढं बघा. लागला असेल तर थिनरनं पुसा, पण फडकं आईला विचारून घ्या.